स्वस्तातला मॉनिटर: पोर्ट, पाट आणि इन्व्हर्टरची गोष्ट

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा शटलमध्ये रेंज जाते, त्यांच्यासाठी हे आजच्या भागाचं लिखाण. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडे कमी केलेत.

आजचा विषय सरळ आहे. लॅपटॉपला स्वस्तातला मॉनिटर जोडायचा. पण सुरुवात एका चुकीपासून करतो, कारण ती चूक झाली नसती तर मी मॉनिटर घेतलाच नसता.

३,६०० रुपयांची चूक

तुम्हाला माहितीये, मी कुरकुंभला राहतो. फिरंगाई मातेचं गाव, पुणे-सोलापूर रस्त्यावर, शेजारी एमआयडीसी. गावात म्हटलं तर काम म्हणजे कंपनीतली शिफ्ट. मी मात्र घरी बसून पुण्यातल्या एका टॅक्सवाल्या सरांचं जीएसटीचं काम करतो. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-टूबी येतं, म्हणजे समोरच्या व्यापाऱ्यांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी. ती यादी आपल्या गिऱ्हाइकाच्या खरेदीशी ताडून बघायची आणि २० तारखेच्या आत थ्रीबी भरायचं. म्हणजे हातात सहा दिवस आणि समोर शेकडो बिलं.

माझा लॅपटॉप १४ इंची, जुना. एका खिडकीत टूबी, दुसऱ्या खिडकीत खरेदीचं रजिस्टर. ऑल्ट-टॅब, ऑल्ट-टॅब, दिवसभर तेच. एका बिलाचा आकडा डोक्यात धरायचा, खिडकी बदलायची, तिथे शोधायचा. मार्चच्या गडबडीत रात्री साडेअकराला मी १४,८५० च्या जागी १८,४५० धरलं. फरक ३,६०० चा. सरांनी सकाळी पकडलं म्हणून वाचलो, नाहीतर गिऱ्हाइकाने जास्तीचं क्रेडिट घेतलं असतं आणि व्याजासकट परत भरावं लागलं असतं.

सर ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "हे बघ, तुझं काम चांगलंय. पण असं परत झालं तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

ओरडले असते तर बरं झालं असतं, असं वाटलं मला. कारण घरात माझ्या या पैशावर बहिणीच्या कॉलेजची फी चालते.

त्याच आठवड्यात मान इतकी आखडली की दौंडला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळ्या दिल्या आणि विचारलं, "कसा बसतोस ते दाखव." मी दाखवलं. ते म्हणाले, "गोळीने आज बरं वाटेल. पण असाच बसत राहिलास तर परत येशील."

आकडा चुकला आणि मान आखडली. वरवर बघता दोन वेगळ्या गोष्टी, पण कारण एकच निघालं.

लॅपटॉपची मूळ अडचण

लॅपटॉपमध्ये स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. कीबोर्ड हाताच्या उंचीला ठेवला की स्क्रीन खाली जाते, मान वाकते. स्क्रीन डोळ्यांसमोर आणली की हात हवेत. दोन्ही एकदम नीट होऊच शकत नाही. तास-दोन तासांना चालतं, आठ तासांना नाही.

दुसरी गोष्ट जागेची. माझ्या लॅपटॉपची स्क्रीन १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांची. म्हणजे साधारण साडेदहा लाख ठिपके. साधा फुल एचडी मॉनिटर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर. जवळपास दुप्पट. एक्सेलमध्ये मला वीस-बावीस ओळी दिसायच्या, त्या मॉनिटरवर पस्तिसाच्या पुढे गेल्या. आणि लॅपटॉपची स्क्रीन शिल्लक राहते ती वेगळीच. एकीकडे टूबी, दुसरीकडे रजिस्टर. आकडा डोक्यात धरायचा नाही, नुसता बघायचा.

किती इंची घ्यायचा?

इथे बहुतेक जण फसतात. आपल्याला वाटतं मोठा म्हणजे चांगला. पण इंच मोजण्याआधी ठिपके मोजा. एका इंचात किती ठिपके बसतात यावर अक्षर किती स्वच्छ दिसणार ते ठरतं.

फुल एचडी ठिपके साडेएकवीस इंचात बसवले तर एका इंचात १०२ च्या आसपास येतात. २४ इंचात तेच ९२ होतात. २७ इंचात ८२. ठिपके तेवढेच, फक्त ताणलेले. म्हणून फुल एचडीमध्ये २२ किंवा २४ इंची घ्या. २७ इंची फुल एचडी सिनेमाला ठीक, अक्षरांना नाही.

आणि आपण मराठी वाचतो, हे विसरू नका. इंग्रजी अक्षर थोडं फाटलं तरी कळतं. आपला अनुस्वार, रफार, जोडाक्षरं, हे सगळं दोन-तीन ठिपक्यांत मावतं. ठिपके मोठे झाले की 'अंत' आणि 'अत' सारखेच दिसायला लागतात. त्यामुळे विकत घेताना स्क्रीनवर मराठी मजकूर उघडून बघा.

"घरातला टीव्ही चालेल का?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. चालतो, पण बघा. ३२ इंची एचडी रेडी टीव्ही बऱ्याचदा १३६६ गुणिले ७६८ चा असतो. एका इंचात जेमतेम ४९ ठिपके. दोन फुटांवरून त्यावर एक्सेल बघणं म्हणजे रांगोळीचे ठिपके मोजणं. क्रिकेट बघा, काम करू नका. फुल एचडी टीव्ही असेल तर सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार 'जस्ट स्कॅन' किंवा 'ओरिजिनल' करा आणि इनपुटचं नाव 'पीसी' ठेवता येत असेल तर ठेवा. नाहीतर कडा कापल्या जातात आणि अक्षरांना पिसारा फुटतो.

पॅनलचं थोडक्यात सांगतो. आयपीएस लिहिलेलं असेल तर बाजूने बघितलं तरी रंग तसेच राहतात. टीएन असेल तर जरा वाकून बघितलं की चित्र फिकट. व्हीए मधलं, काळा रंग छान. ऑफिसच्या कामाला आयपीएस मिळाला तर सोन्याहून पिवळं.

आधी पोर्ट बघा. नाहीतर माझ्यासारखं होतं

नवीन २२ इंची फुल एचडी मॉनिटर साधारण सहा-सात हजारांपासून पुढे मिळतो. माझ्याकडे तेवढे नव्हते. म्हणून शटलने पुण्याला गेलो आणि जुना, एखाद्या ऑफिसातून निघालेला मॉनिटर ३,२०० ला घेतला. चित्र झकास. दुकानदाराने त्याच्या कॉम्प्युटरवर लावून दाखवला. मी खूश.

घरी आणून मागची बाजू बघितली. दोन पोर्ट. एक व्हीजीए, निळं, पंधरा भोकांचं. दुसरं डिस्प्लेपोर्ट. माझ्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय.

मी म्हटलं, काय त्यात, केबल मिळते की. दौंडात एका दुकानात गेलो.

"काका, एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला डिस्प्लेपोर्ट, अशी केबल आहे का?"

"आहे ना दादा. साडेतीनशे."

घेतली, लावली, स्क्रीन काळी. उलटी करून लावायचा तर प्रश्नच नाही, टोकं वेगळी. रात्री वाचत बसलो तेव्हा कळलं. ती केबल एकाच दिशेने चालते. कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल तरच. माझं नेमकं उलटं होतं. उलट दिशेला जायला आत चिप असलेला, बाहेरून यूएसबीचा करंट घेणारा कन्व्हर्टर लागतो, आणि तो महाग. काकांची चूक नाही. मी जे मागितलं तेच त्यांनी दिलं. मला काय मागायचं तेच माहीत नव्हतं.

शेवटी ४०० रुपयांचा एचडीएमआय-टू-व्हीजीए कन्व्हर्टर आणला, आणि चाललं. इथेही एक गोम आहे. एचडीएमआय डिजिटल, व्हीजीए ॲनालॉग. व्हीजीए १९८७ चं, एचडीएमआय २००२ चं. नुसती तार जोडून त्यांची भाषा जुळत नाही, मध्ये दुभाषी लागतो. तो दुभाषी म्हणजे कन्व्हर्टरमधली चिप. म्हणून दोन्ही टोकांना वेगळे पिन लावलेली साधी तार मिळाली तरी घेऊ नका. आणि दिशा विचारा: लॅपटॉप कुठला, मॉनिटर कुठला.

तुमच्यासाठी छोटी यादी करतो, फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवा.

लॅपटॉपला एचडीएमआय, मॉनिटरला एचडीएमआय: साधी केबल. सगळ्यात सोपं.

लॅपटॉपला एचडीएमआय, मॉनिटरला डीव्हीआय: हेही दोन्ही डिजिटल, साधी केबल चालते. आवाज मात्र लॅपटॉपमधूनच ऐका.

लॅपटॉपला एचडीएमआय, मॉनिटरला व्हीजीए: चिपवाला कन्व्हर्टर. चित्र सरकलेलं किंवा धूसर दिसलं तर मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण दाबा, बऱ्याचदा जागेवर येतं.

लॅपटॉपला एचडीएमआय, मॉनिटरला फक्त डिस्प्लेपोर्ट: शक्यतो दुसरा मॉनिटर बघा.

लॅपटॉपला फक्त टाइप-सी: थांबा. टाइप-सी दिसलं म्हणजे त्यातून चित्र जाईलच असं नाही. पोर्टशेजारी विजेची खूण किंवा डिस्प्लेपोर्टची खूण असेल तर जातं. काहीच नसेल तर कंपनीच्या पानावर तुमच्या मॉडेलचा तपशील वाचा, तिथे 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' असं लिहिलेलं असतं.

फोनचंही तेच. तुमच्यातले कितीतरी जण विचारतात, "दादा, फोन मॉनिटरला लावता येईल का?" टाइप-सी बहुतेक नव्या फोनला आहे, पण त्यातून चित्र बाहेर काढणारे फोन मोजके आणि बहुतेक महागातले. बजेट फोनमधून सहसा नाही. केबल घेण्याआधी तपासा.

जुना घेताना काय बघायचं

पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहे, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची. तिथे किंवा कुठेही जा, एक नियम पाळा: आपला लॅपटॉप आणि आपली केबल सोबत न्या. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर चाललेला मॉनिटर तुमच्याकडे चालेलच असं नाही, हे मी साडेतीनशे रुपये देऊन शिकलो.

लॅपटॉपमध्ये पाच चित्रं ठेवा: पूर्ण पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं. एकेक पूर्ण स्क्रीनवर लावा. पांढऱ्यावर काळा ठिपका, काळ्यावर चमकणारा ठिपका दिसला तर तो मेलेला किंवा अडकलेला पिक्सेल. कोपऱ्यात एखादा असेल तर किंमत कमी करून घ्या, मधोमध असेल तर सोडून द्या. पांढरा रंग पिवळट दिसत असेल तर आतली लाइट म्हातारी झालीये. पंधरा मिनिटं चालू ठेवा, गरम झाल्यावर लुकलुकतो का ते बघा.

मॉनिटरची पिन थेट आत जाते की बाहेर वेगळा ॲडॅप्टर आहे तेही बघा. ॲडॅप्टर असेल तर मूळचाच मागा, दुसऱ्या व्होल्टचा लावून मॉनिटर उडवू नका. नवीन घेत असाल तर पक्कं बिल घ्या. मॉनिटरवर जीएसटी १८ टक्के आहे, आणि वॉरंटी लागली तर बिलच विचारतात. हे माझ्या धंद्यातलं म्हणून सांगतोय.

आणि आणताना उभा आणा. आडवा ठेवून त्यावर पिशवी ठेवली की पॅनल गेलंच. मी काचेवर पुठ्ठा लावून चादरीत गुंडाळला आणि शटलमध्ये पूर्ण वेळ पायांमध्ये उभा धरला. दौंडला उतरून कुरकुंभ मोरीतून येताना मागे बसलेल्या मित्राला तेवढंच सांगितलं, "पडलास तरी चालेल, मॉनिटर पडता कामा नये."

जोडल्यावर

विंडोजची कळ दाबून धरा आणि पी दाबा. चार पर्याय येतात. 'डुप्लिकेट' म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र, त्याचा आपल्याला उपयोग नाही. 'एक्स्टेंड' निवडा, म्हणजे टेबल रुंद झालं. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन चौकोन दिसतात. मॉनिटर खरंच ज्या बाजूला आहे त्याच बाजूला तो चौकोन ओढा. नाहीतर माउस डावीकडे नेला की उजवीकडून उगवतो आणि आपण वेड्यासारखे शोधत बसतो.

तिथेच रिझोल्युशनपुढे 'रेकमेंडेड' लिहिलेलं निवडा. अक्षरं लहान वाटली तर रिझोल्युशन कमी करू नका, सगळं धूसर होईल. त्याऐवजी 'स्केल' वाढवा, १०० चे १२५ करा. तरी अक्षरं फाटकी वाटली तर सर्चमध्ये 'क्लिअरटाइप' शोधा, चार-पाच नमुने दाखवतं, डोळ्यांना बरं वाटेल ते निवडा.

आईचा पाट

मॉनिटर आला, पण मान दुखायची थांबली नाही. का? कारण मी तो टेबलावर तसाच ठेवला होता. जुना स्टँड, उंची वरखाली होत नाही. मान अजून वाकलेलीच.

मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी, आणि अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं. बाजारात स्टँड मिळतात, पण आईने जेवायचा जुना पाट काढून दिला. म्हणाली, "हा घे, नाहीतरी आता टेबलावरच जेवता तुम्ही." पाटावर मॉनिटर बरोबर बसला. लॅपटॉप बाजूला, आणि समोर ७०० रुपयांत घेतलेला साधा कीबोर्ड-माउस. हा कीबोर्ड विसरू नका. तो नसेल तर तुम्ही परत लॅपटॉपवरच वाकणार, आणि मॉनिटर नुसता शोभेला.

तीन आठवड्यांनी मानेचं दुखणं बरंच कमी झालं. मी डॉक्टर नाही, तुमचं दुखत असेल तर दाखवाच. मी फक्त माझं सांगतोय.

लाइट गेली की

ही गोष्ट मला कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगितली नव्हती, कारण ते व्हिडिओ बनवणाऱ्यांकडे लाइट जात नसावी. लॅपटॉपला बॅटरी असते, मॉनिटरला नसते. १९ तारीख, संध्याकाळ, लाइट गेली. मॉनिटर बंद, सगळ्या खिडक्या उड्या मारून लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर एकावर एक. काम कुठे होतं तेच सापडेना. त्यात वायफायचं राउटरही गेलं.

घरात इन्व्हर्टर आहे, पण माझ्या टेबलाजवळचा पॉइंट त्यावर नव्हता. वायरमन काकांनी २०० रुपयांत तो जोडून दिला, राउटरही त्यावरच घेतलं. तुमच्याकडे इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा छोटा यूपीएस पुरतो. २२ इंची एलईडी मॉनिटर साधारण २५ वॅट घेतो, म्हणजे त्याला फारसा भार नाही. बिलाचं म्हणाल तर दिवसाला आठ तास, महिनाभर, मिळून सहा युनिट. घरच्यांना हा हिशोब आधीच सांगून ठेवा, नाहीतर महावितरणचं प्रत्येक वाढीव बिल तुमच्या मॉनिटरच्या नावावर फाटतं.

हिशोब

मॉनिटर ३,२००. चुकीची केबल ३५०. कन्व्हर्टर ४००. कीबोर्ड-माउस ७००. वायरमन २००. पाट फुकट. एकूण ४,८५०. ती केबल वजा केली तर साडेचार हजार.

सगळ्यांनी घ्यावा असं मी म्हणत नाही. दिवसाला तासभर लॅपटॉप उघडत असाल तर आधी पाट आणि कीबोर्ड घ्या, लॅपटॉपच पाटावर ठेवा. मानेचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. पण एका खिडकीतलं बघून दुसऱ्या खिडकीत लिहायचं काम असेल, मग ते हिशोब असो, कोडिंग असो की एमपीएससीच्या नोट्स असोत, तर स्वस्तातला मॉनिटर पुरतो. घेण्याआधी फक्त तीन गोष्टी बघा: पोर्ट कुठलं, डोळे कुठे येणार आणि लाइट कुठून येणार.

गेल्या महिन्यात १९ तारखेलाच सगळी कामं पाठवली. सरांचा मेसेज आला, एकच शब्द: "बरोबर." मी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

तुमच्या लॅपटॉपला कुठलं पोर्ट आहे ते आत्ताच बघा, हा भाग बंद करायच्या आधी. आणि अडलं तर फोटो काढून पाठवा, दोन्ही बाजूंचा: लॅपटॉपचाही आणि मॉनिटरचाही. चला, भेटू पुढच्या भागात. मान सांभाळा!